दृष्ट कोणाची लागली

दिवे लागायच्या आतच आमोद आणि वांजिरू परत आले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

आमोद माझा धाकटा दीर. ऑफिसच्या कामासाठी नैरोबीला गेला होता, तेव्हा डेटिंग अ‍ॅपवर त्याची वांजिरूशी ओळख झाली. आता ती सुट्टी घेऊन भारत बघायला आली होती. खरं तर आमोदला भेटायला. आमच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्येच उतरली होती. सासूबाई मांजरी गावी नणंदेकडे गेल्या होत्या. त्या उद्या परत येणार आणि उद्याच आमोद त्यांच्याकडे लग्नाचा विषय काढणार. "वहिनी, आई तुझं ऐकते. तू फक्त माझ्या बाजूनं उभी राहा," असं तो म्हणाला होता आणि मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं.

"काय रे, पार्टी संपली इतक्यात?"

"सुरू कुठे झाली? पबच्या दारातच म्हणाले, आज फक्त मेंबर्स. आमच्यामागून दोन गोरी पोरं आली, हाफ पँट आणि स्लिपर घालून. त्यांना वाकून आत सोडलं."

"मग तू काय म्हणालास?"

आमोद बुटांच्या नाड्या सोडत बसला.

"तो थँक यू म्हणाला," वांजिरू म्हणाली. इंग्रजीत, अगदी शांतपणे. "मला सवय आहे. या प्रवासात एका बारमध्ये एकटी बसले होते, तर एकानं सरळ रेट विचारला."

"नालायक मेले!" मी फोन घेऊन त्या पबला एक स्टार द्यायला बसले. काळी म्हणून दारातून परत पाठवता, लाजा वाटत नाहीत का, वगैरे. संताप खरा होता माझा.

तोवर वांजिरूनं माझ्या लेकीला, नंदूला उचललं. नंदूला अजून धड बसताही येत नाही. तिला छातीशी धरून, काहीतरी गुणगुणत वांजिरू हॉलभर नाचली. नंदू खिदळत तिच्या वेण्या ओढत होती. लिहिता लिहिता माझं लक्ष तिकडेच. नंदूला कोणीही घेतलं की माझा जीव असाच टांगणीला लागतो. कोणीही, असं मी समजत होते.

थोड्या वेळानं नंदूनं जे भोकाड पसरलं, ते थांबेना. आमोद तिला खांद्यावर घेऊन फिरू लागला. मी स्वयंपाकघरात गेले, मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेतल्या आणि येऊन तिच्यावरून ओवाळायला लागले. ओठ आपोआप हलत होते. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..."

"वहिनी," आमोद हळूच म्हणाला, "परवा आपल्या श्यामसुंदरमामांनी हिला दुपारभर खेळवलं. मग अशीच रडली. तेव्हा तू ग्राइप वॉटर दिलंस."

"अरे, तेव्हा गॅस झाला होता तिला."

"आणि आज?"

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर नंदूनं मोठा ढेकर दिला आणि गप्प झाली.

"हे काय करतेस?" वांजिरूनं मला विचारलं.

आमोद नंदूची पाठ थोपटत राहिला. "काही नाही," मी म्हटलं, "बाळ दमलं की आमच्याकडे करतात." माझा आवाज छान, सभ्य होता. पबच्या दारातल्या माणसाचाही असाच असणार.

"आमची आजीही नजर उतरवायची," वांजिरू म्हणाली. माझ्या मुठीकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "माझीही काढ. आज मलाही लागली असेल."

चेष्टा होती की नाही, मला कळलं नाही. कळून घ्यायचा धीरही नव्हता.

"उद्या आईशी मीच बोलेन," आमोद मराठीत म्हणाला. "तू राहू दे, वहिनी."

मी मूठ तिच्या डोक्यावर धरली. "आल्यागेल्याची..." म्हटलं. पुढचा शब्द घरच्यादारच्याची. तो काही केल्या तोंडातून निघेना. वांजिरू डोळे मिटून, मान वाकवून थांबली होती, आणि घामेजल्या मुठीतलं मीठ तिच्या वेण्यांवर सांडत होतं.