मिठाची कडी

मीठ खाद्याच्या मिक्सरमध्ये ओतून मापाडी कडी सरकवायला भिंतीकडे वळला आणि जागच्या जागी थिजला. मिठाची कडी आधीच उजव्या खिळ्यावर होती.

हातातले माप रिकामे होते, बोटांना मीठ चिकटलेले होते. म्हणजे मीठ आत्ता पडले, यात शंका नव्हती. त्याच्या आधीही एकदा पडले होते का, एवढाच प्रश्न होता.

त्याची ही पद्धत फार जुनी. भिंतीवर खिळ्यांच्या जोड्या आणि प्रत्येक जोडीला एक लोखंडी कडी. मक्याचा भरडा पडला की मक्याची कडी डावीकडून उजवीकडे. मग सोयाबीनची पेंड, मासळीची पूड, दूधपावडर, मीठ आणि शेवटी व्हिटॅमिनची पावडर. एक घाणा, म्हणजे मिक्सरभर खाद्य, कालवून संपला की सगळ्या कड्या परत डावीकडे. आताच्या मालकिणीच्या वडिलांनी त्याला डुकरांच्या फार्मवर खाद्य कालवायला ठेवले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने हे खिळे ठोकले होते. त्याच्या हातून कधी कमीजास्त होत नसे, म्हणून तर सगळे त्याला मापाडी म्हणत. त्याचे खरे नाव बहुधा त्याच्या बायकोलाच तेवढे आठवत असेल.

मागच्या घाण्यानंतर मिठाची तेवढी कडी परतवायची राहिली असेल? की मीठ टाकून, कडी सरकवून त्याने पुन्हा माप भरले? त्याने आठवून पाहिले. पेंड आठवत होती. पेंडीच्या धुळीने आलेली शिंक आठवत होती. शिंकेनंतरचे काहीच नव्हते.

त्यातून घाणा पिल्लांचा. विक्रीला आलेल्या मोठ्या डुकरांचा असता तर त्याने एवढा धसका घेतला नसता. त्यांना मका भरपूर आणि पेंड बेताची घातली की भागते. वय वाढेल तसे खाणे वाढते आणि त्यातला कस थोडाथोडा कमी करता येतो. पण नुकतीच आईपासून तोडलेली पिल्ले म्हणजे नाजूक प्रकरण. पोट एवढेसे, भूक राक्षसाची आणि अंग भरायची घाई. त्यांना दूध, मासळी, पेंड सगळे सढळ हाताने लागते. मीठ मात्र अगदी जपून. मीठ जास्त झाले आणि वर पाणी कमी पडले, तर ते मेंदूवर जाते. पिल्लू भिंतीला कपाळ लावून उभे राहते, मागे मागे चालू लागते, मग झटके येतात. एका दुसऱ्या फार्मवर त्याने ते पाहिले होते. त्या पिल्लांचे पाय कसे हलत होते, ते त्याला स्वच्छ आठवत होते. नको ते बरे आठवते, असे त्याच्या मनात आले.

त्याने व्हिटॅमिनची पावडर टाकली, तिची कडी सरकवली. तेवढ्यात ट्रॉलीवाला दारात आला.

"काका, भरू का पोती? पिल्लं तिकडे बोंबलतायत."

थांब, एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण मागच्याच महिन्यात त्याने मोठ्यांचे खाद्य पिल्लांकडे पाठवले होते. ते वेळीच कळले म्हणून निभावले. तेव्हा मालकीण रागावली नव्हती. "काका, थकलात का हो?" एवढेच म्हणाली होती, तेही इतक्या मऊ आवाजात की त्याची झोप उडाली. आणि डोळ्यांसमोर थोरला भाऊ आला. भावाचेही असेच सुरू झाले होते. नळ चालू राहायचा, चष्मा सापडायचा नाही, सगळे हसायचे, तोही हसायचा. शेवटी तो स्वतःच्या बायकोला "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" असे विचारू लागला.

"भर," मापाडी म्हणाला.

ट्रॉली गेली. मिक्सरच्या तळाशी उरलेले खाद्य त्याने बोटाने चाटून पाहिले. खारट लागले. पण बोटच खारट होते. हात धुऊन पुन्हा चाखले, तोवर भीतीने तोंडाला इतकी कोरड पडली होती की भरडा आणि दूधपावडर यांतला फरक कळेना. मोठ्यांचा घाणा त्याने कसाबसा कालवला. प्रत्येक कडी सरकवताना मोठ्याने नाव घेतले आणि कोणी ऐकत तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिले. जेवणाचा डबा त्याने उघडलाच नाही.

ऊन कलायला लागले तेव्हा त्याला राहवेना. तो पिल्लांच्या शेडकडे निघाला. तिथे माद्यांची बाळंतपणे आणि पिल्लांचे संगोपन पाहणारी बाई होती. तिला सगळे दाई म्हणत.

"काय मापाडी, आज इकडे कुठे वाट चुकलात?"

नेहमीची थट्टा होती. आज ती त्याच्या काळजात रुतली.

"पाणी बघायला आलो," तो म्हणाला.

"पाण्याला काय धाड भरलीय?"

एकेका खणात वाकून तो पाण्याची तोटी अंगठ्याने दाबू लागला. चिळकांडी उडाली की त्याचा श्वास मोकळा व्हायचा. पाणी हवे तेवढे असले, तर जास्तीचे मीठ लघवीवाटे निघून जाते, हे त्याला माहीत होते. दिवसभर तो याच एका आशेवर उभा होता. पिल्ले त्याचे बूट हुंगत होती, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होती.

शेवटच्या खणातली तोटी त्याने दाबली. काहीच आले नाही. पुन्हा दाबली. कोरडी.

"अगं, इथे पाणी नाही."

"अगबाई," दाईने कपाळावर हात मारला. "सकाळी खण धुतला तेव्हा कॉक बंद केला होता. उघडायचा विसरलेच की."

आणि ती हसली. विसरणे म्हणजे तिच्या लेखी नुसते विसरणेच होते. मापाड्याला तिचा हेवा वाटला. तेवढ्यात त्याचे लक्ष कोपऱ्यात गेले. एक पिल्लू भिंतीला कपाळ टेकवून उभे होते. ते हलत नव्हते.

"गव्हाणी उपस," तो म्हणाला. "सगळ्या खणांतल्या. आत्ताच्या आत्ता."

"भरल्यात की नुकत्याच. का?"

"माझ्याकडून मीठ दोनदा पडलंय. नाहीतर एकदाच पडलंय." तो स्वतःच जवळच्या गव्हाणीशी वाकला. "मला आठवत नाही."

दाईचे हसू मावळले. ती कॉककडे धावली, तसा त्याने तिचा हात धरला. "एकदम सोडू नकोस. तहानलेल्यांनी एकदम ढोसलं तर जास्तच बिघडेल. परातीत थोडं थोडं देऊ."

मालकीण आली तेव्हा तो त्या खणात उकिडवा बसून परात धरत होता. पिल्ले घोटभर प्यायली की परात बाजूला घ्यायची आणि वाट बघायची. कोपऱ्यातल्याचे तोंड त्याने बोटांनी ओले केले होते. दाईने आपली कॉकची चूक आधी सांगितली, मग त्याच्याकडे पाहिले. त्याने उठून सगळे सांगितले, कडीपासून.

"मग ट्रॉली का नाही थांबवलीत, काका?"

"भ्यालो."

"मला? मी कधी तोडून बोललेय का तुम्हाला?"

"तुम्हाला नाही, ताई."

मालकिणीने त्याच्या भावाला पाहिले होते. लहानपणी ती त्या भावाच्याच खांद्यावर बसून ही शेडे फिरली होती, आणि शेवटी शेवटी त्याने तिलाही ओळखले नव्हते. ती खाली बघू लागली. मग पदर खोचून तिने दुसरी परात उचलली.

दिवस मावळायच्या सुमारास कोपऱ्यातले पिल्लू वळले. डुलत डुलत परातीशी आले, प्याले आणि शेजारच्याचा कान चावून त्याला ओरडायला लावले. दाईने डोळे पुसले. ते खाद्य खड्ड्यात गेले. मीठ खरोखर दोनदा पडले होते की ते पिल्लू नुसते तहानेने गळाले होते, हे कोणालाच कळले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

फाटकाशी मालकीण म्हणाली, "उद्यापासून मिक्सर दुसरं कोणी बघेल, काका. तुम्ही पाणी बघा. सगळ्या शेडांचं."

त्याने मान हलवली. एवढी वर्षे धरलेली गोष्ट हातातून गेली होती, आणि त्याला रडायचीही भीती वाटत होती.

घरी ताटावर बसल्यावर त्याचा हात सवयीने मिठाच्या बरणीकडे गेला. बरणी जागेवर नव्हती.

"मीठ कुठंय?"

बायको उठली आणि वरच्या फळीवरून, डब्यांच्या मागून तिने बरणी काढली.

"तिथे कशाला ठेवलंस?"

"तुम्ही मीठ घेता, आणि परत घेता." तिने स्वतःच त्याच्या ताटात चिमूटभर वाढले.

"कधीपासून?"

"जेवा आधी."

म्हणजे बरेच दिवस झाले होते. "मग मला बोलली का नाहीस?" त्याने विचारले.

"तुम्ही तरी बोललात का मला?"

बरणी तिने दोन्ही हातांत घट्ट धरली होती. ती किती घाबरली होती, हे त्याला आत्ता दिसले. त्याने तिच्या हातातून बरणी घेतली, झाकण लावले आणि उठून पुन्हा डब्यांच्या मागे ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मिक्सरच्या खोलीवरून जाताना त्याने आत पाहिले नाही. पिल्लांच्या शेडमध्ये तो पहिल्या खणापासून सुरुवात करून तोटी तोटी दाबत शेवटपर्यंत गेला. शेवटच्या खणात कालचे पिल्लू कोणते, ते ओळखू येत नव्हते. सगळीच सारखी गोंधळ घालत होती. तो वळला आणि तेवढ्यात छातीत धस्स झाले. मधल्या खणातली तोटी दाबली होती का? दाबल्यासारखे वाटत होते. नक्की आठवत नव्हते.

तो पुन्हा पहिल्या खणाशी आला.

"आत्ताच तर बघितलंत सगळं," दाई म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला. "पाणी दोनदा बघितलं तर कोणाचं काही बिघडत नाही."

त्याने वाकून तोटी दाबली. पाणी आले. तो पुढच्या खणाकडे गेला.