चावी त्याच्याकडे आहे

मित्रांनो, जिन्याखालच्या सायकलीकडे सहसा कोणी बघत नाही. बघितलंच, तर तिच्यावर ओलं पायपुसणं वाळत घालतात. मी तशीच एक जुनी सायकल आहे. जरा टेका, माझी हकिगत ऐका.

एका मोठ्या कारखान्यात मी जन्मले. नळ्या जोडल्या, काळा रंग चढला, वर सोनेरी रेघ आली. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका गृहस्थांनी मला मुलासाठी घरी आणलं. मुलगा तेव्हा एवढा बुटका की सीटवर बसला तर पाय लोंबकळायचे. म्हणून नळीखालून पाय घालून, कैची मारत तो शिकला. शिकताना तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दारावर थेट जाऊन आदळला. गुडघा फुटला, पण ओरडला काय, तर "सायकलला काही नाही झालं!"

खेळात सगळ्यांना हुकूम सोडायचा, म्हणून गल्ली त्याला कप्तान म्हणायची. पुढे तो खरोखरच नौदलात अधिकारी झाला. तेव्हा शिंपी सगळ्यांना सांगत सुटला, "आम्ही तर कधीच बढती दिली होती!"

सुट्टीवर आला की तो आधी मला धुऊनपुसून तेल द्यायचा, मग धाकट्या बहिणीला शिकवायला न्यायचा. ती किंचाळायची, "दादा, सोडू नकोस हं!" तो लांब मागे उभा राहून म्हणायचा, "छे, धरलंय की!"

अशाच एका सुट्टीत युद्ध सुरू झालं आणि त्याला तातडीचं बोलावणं आलं. तो मला दामटत बाजारातून घरी आला. जिन्याखालच्या लोखंडी कठड्याला मला साखळीनं बांधलं, कुलूप घातलं, चावी सवयीनं खिशात टाकली. आईच्या पाया पडला, बॅग उचलली आणि गेला. चावी द्यायची राहूनच गेली. बहीण हाका मारत कोपऱ्यापर्यंत धावली, पण तोवर त्याला न्यायला आलेली गाडी वळली होती.

काही आठवड्यांनी पांढऱ्या गणवेशातले दोघे अधिकारी टोपी काखेत धरून जिना चढून गेले. येताना सावकाश उतरले. जहाज बुडालं होतं. कप्तान बेपत्ता होता.

आईनं तो एकच शब्द धरून ठेवला. कोणी सांत्वनाला आलं की ती म्हणायची, "बेपत्ता म्हणजे पत्ता लागला नाही, एवढंच. समुद्र काय लहान आहे?"

तिथून माझा तुरुंगवास सुरू झाला. बाहेर रस्त्यावर घंट्या वाजायच्या, पोरं शर्यती लावायची. मी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी. टायरमधली हवा गेली, रबराला भेगा पडल्या, सीटमध्ये उंदरानं घर केलं. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. कुलपाकडे मात्र होतं. आई रोज सकाळी तेलाची बाटली घेऊन खाली यायची. कुलपात थेंब सोडायची, कापडानं ते लख्ख पुसायची. शिंप्यानं एकदा विचारलं तर म्हणाली, "गंजलं तर त्याची चावी फिरायची नाही."

मुलीनं, म्हणजे कप्तानाच्या बहिणीनं, एकदा विषय काढला. ती तोवर परिचारिका झाली होती, रुग्णालय लांब होतं. "आई, कुलूप तोडूया का? माझी रोजची पायपीट वाचेल."

"चावी त्याच्याकडे आहे," आई म्हणाली. "तो आला आणि सायकल जागेवर नसली, तर काय वाटेल त्याला?"

मुलगी चपला घालून चालतच कामाला निघाली.

एका दुपारी वडील करवत घेऊन एकटेच खाली आले. कुलपावर पातं टेकवलं, एकदा ओढलं. कर्रर्र असा आवाज झाला. वरून आईनं विचारलं, "कोण आहे तिथं?" वडिलांचा हात थांबला. "कोणी नाही गं," म्हणत ते वर गेले. दुसऱ्या दिवशी तेल घालताना आईचं बोट त्या ओरखड्यावर थबकलं. तिनं त्या ओरखड्यातही तेल भरलं.

अशी किती वर्षं गेली, मला सांगता येणार नाही. अंधारात वर्षं सारखीच दिसतात.

मग एका सकाळी आई कुलूप पुसत असताना एक माणूस दारात येऊन उभा राहिला. एक पाय ओढत चालत होता. म्हणाला, "आई, मी साहेबांच्या, तुमच्या मुलाच्या जहाजावर इंजिनखोलीत होतो. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलो. आज आलोय."

आईनं कापड खाली ठेवलं. "सांग."

"पाणी भरत होतं. साहेबांनी आम्हाला एकेकाला शिडीवरून वर काढलं. शेवटी मला ढकललं. खालून अजून कोणीतरी हाका मारत होतं, म्हणून ते पुन्हा उतरले. मी समुद्रात पडलो. जहाज बुडेपर्यंत, आम्ही ज्या दारातून वर आलो त्या दाराकडेच बघत होतो, आई. कोणी बाहेर आलं नाही."

"तू बघत होतास?"

"पूर्ण वेळ."

"नजर हटली नाही?"

"नाही, आई."

आईनं तेलाच्या बाटलीला बूच लावलं. मग तिनं वर हाक मारून मुलीला सांगितलं, "चौकातल्या किल्लीवाल्याला बोलावून आण."

किल्लीवाला आला आणि कुलूप बघून खूश झाला. "अहो, नवं कोरं आहे की हे! चावी बनवून देतो, कुलूप वाचेल."

"नको," आई म्हणाली. "त्याची चावी एकच. दुसरी कोणाची ह्यात फिरायची नाही. कापा."

कापायला वेळ लागला. साखळी खळकन फरशीवर पडली, तशी आई खालच्या पायरीवर बसली आणि हंबरडा फोडून रडली. वडील खाली आले, तिच्याशेजारी टेकले. मुलीनं दोघांना कवेत घेतलं. तो खलाशी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मित्रांनो, त्या घरात कप्तानासाठी कोणी मोठ्यानं रडलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आणि मी? मी सुटले, पण चाकं फिरेनात. मुलीनं आणि खलाशानं मला उचलूनच दुरुस्तीवाल्याकडे नेलं. टायर, ट्यूब, साखळी, सीट, सगळं बदललं. आता मी रोज रुग्णालयात जाते. धावताना अजून कुरकुरते, पण धावते.

तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिला कोपऱ्यात कोंडू नका. तेलपाणी करा, वापरा, आणि वापरताना ज्याची होती त्याच्याबद्दल बोला. आम्हाला पुसून ठेवण्यापेक्षा ते जास्त आवडतं.

परवा मुलगी कामावरून परतली, तेव्हा आई दारातच उभी होती. म्हणाली, "मला बसव गं मागे. तो किती वेळा म्हणायचा, आई, चल एक चक्कर. मीच भ्यायचे."

ती कॅरिअरवर बसली, मुलीची कंबर घट्ट धरली. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. मुलगी वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला,

"इतक्यात कशाला? अजून जरा पुढे ने."