दादाच्या सोलोचा सांधा

तीन आठवडे दादाच्या गिटारच्या अँप्लिफायरने माझा छळ मांडला होता. अँप तोच, गिटार तीच, पेडलंही तीच. कुठलं बटण कुठवर फिरवायचं, त्याचा दादानेच काढून ठेवलेला फोटो समोर चिकटवला होता. तरी आवाज निघायचा तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा.

आमच्या गॉथिक मेटल बँडचं शेवटचं गाणं अडलं होतं. त्यातला सोलो दादाने निम्मा रेकॉर्ड केला आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्यातल्या मशीनने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. उरलेला निम्मा आला माझ्या गळ्यात. ड्रमरने बजावलं होतं की दोघांच्या वाजवण्यातला सांधा ऐकू आला तर अख्खा सोलो मीच वाजवायचा, दादाचा काढून टाकायचा. दादाचं शेवटचं वाजवणं असं पुसायचं? मला ते सहनच होणार नव्हतं.

त्याला विचारायची सोय नव्हती. गिटारचा विषय निघाला की तो उठून जायचा. मग मीच बटणांशी झटत बसलो. आवाजाची खरखर वाढवणारा गेन वाढवला, कमी केला. पडसाद देणारा डिले लांबवला तर सूर एकमेकांच्या पायात यायचे. दादाचा सूर जाड, रडून घसा बसलेल्या माणसासारखा. माझा नुसता किंचाळायचा. डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं.

शनिवारी दुपारी वहिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, ह्यांचा काही इतका कर्कश वाजायचा नाही. मी खेकसलोच तिच्यावर, मग कसा वाजायचा ते तूच सांग. तिने शांतपणे सांगितलं, बाळ झोपलेलं असायचं, म्हणून हे अँप आणि माइक रजयांच्या कपाटात ठेवून दार लावून घ्यायचे.

मी कपाळाला हात लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ही बाई रोज चहा आणून देत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती.

"तू विचारलंस कुठे?" ती म्हणाली.

अँप आणि माइक कपाटात ढकलले, दार लावलं, तार ओढली. आला! तोच घसा बसलेला सूर. तासाभरात रेकॉर्डिंग उरकलं आणि तसाच दादाकडे गेलो. नको नको म्हणत असताना हेडफोन त्याच्या कानावर चढवला. सांधा कळतो का ते बघायला, काहीच न सांगता त्याच्या भागापासून लावलं आणि सांध्याच्या पुढे चार सूर गेल्यावर बंद केलं.

ऐकताना मिटलेले डोळे त्याने उघडले. "ती शेवटची नोट मी एवढी छान ओढली होती?" म्हणाला, आणि अपघातानंतर पहिल्यांदा हसला.

ती नोट माझी होती. मर मर मेलो मी आणि शाबासकी स्वतःला देतोय हा! अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

"चल," हेडफोन नीट बसवत तो म्हणाला, "आता तू वाजवलेलं लाव."