घाईचा ठपका

रेकॉर्ड गाजली आणि दोस्ती मोडली, दोन्ही एकाच महिन्यात. पियानोवाल्याने घरी रेकॉर्ड ऐकली आणि फोनवर एवढंच म्हणाला, “तू घाई केलीस. मला फरफटत नेलंस.” सॅक्सवाल्याच्या ते जिव्हारी लागलं. टेनर सॅक्सोफोन हातात घेतल्यापासून त्याला धाक होता तो याच गोष्टीचा. त्याने रेकॉर्ड एकदा ऐकली. लय खरंच पळत होती. त्याने ठपका मुकाट्याने पत्करला, आणि जॅझच्या शौकिनांतही तो हळूहळू पसरला. पुढे दोघांनी एकत्र कधी वाजवलं नाही. लोक त्या रेकॉर्डवरून जीव ओवाळून टाकत राहिले आणि याने मात्र तिला पुन्हा हात लावला नाही.

पियानोवाला गेल्या हिवाळ्यात वारला. आता कंपनी तीच रेकॉर्ड नव्याने व्हिनाइलवर काढत होती. संमतीसाठी कंपनीतल्या एका साउंड इंजिनिअर मुलीने सॅक्सवाल्याला स्टुडिओत बोलावलं, आणि पियानोवाल्याच्या बायकोलाही.

“काका, मूळ टेपमध्ये एक गडबड आहे,” मुलगी म्हणाली. “सगळे सूर थोडे चढे आहेत. पियानो रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळीच लावून घेतला होता, म्हणजे दोष त्याचा नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचं मशीन हळू चाललं, म्हणून नेहमीच्या वेगाने रेकॉर्ड लावली की सगळंच पळतं. मी वेग दुरुस्त केलाय. ऐका.”

त्याने ऐकलं. लय ऐसपैस होती, दोघांनी ठरवली होती अगदी तशी. तो श्वास घ्यायचा तिथे पियानो त्याच्यासाठी थांबत होता. घाई कुणाचीच नव्हती.

आनंद व्हायचा तर त्याला आला संताप, आणि तोही स्वतःचा. एकदा जरी सॅक्स काढून रेकॉर्डसोबत वाजवलं असतं, तर सूर जुळत नाहीत हे पहिल्याच ओळीत कळलं असतं. शिकाऊ पोरंसुद्धा तेवढं करतात. याचा ताठा आडवा आला, आणि हा त्याला शरम म्हणत राहिला.

“त्याला तरी कळायला हवं होतं, वहिनी,” तो म्हणाला.

वहिनी पर्सचा बंद चाळवत म्हणाल्या, “ते वाजवायचे, भावजी. रेकॉर्ड लावून, तुमच्यासोबत. सूर जुळेनात, तर म्हणाले पियानो उतरलाय. ट्यूनरला दोनदा बोलावलं. तो म्हणाला, पियानो ठीक आहे. मी म्हटलं, मग एकदा भावजींना बोलवा. तर झाकण लावून उठून गेले.”

सॅक्सवाल्याला रडू आवरलं नाही. मित्र तिकडे त्याच्यासोबत वाजवत होता आणि हा इकडे तोंड फिरवून बसला होता.

मुलीने विचारलं, “कव्हरवर लिहू ना, चूक मशीनची होती म्हणून? तुमच्यावरचा ठपका जाईल.”

“वेगाची चूक मशीनची होती, तेवढंच लिही,” तो डोळे पुसत म्हणाला. “बाकीची आमची होती, ती मशीनवर ढकलू नकोस.”