घराण्याचा आजार

“हृदय लिहा,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्याच हातात आहे ना ते? मग लिहा की!”

भाऊजींचा घास हातातच राहिला. “डॉक्टरांनी दाखल्यावर फ्लू लिहिलाय, वहिनी.”

“डॉक्टरांना काय कळतंय? कालचं पोर ते. ह्यांना तपासताना स्वतःच शिंकत होतं.”

भाऊजी सरकारच्या आकडेवारी खात्यात कारकून होते. देशभरातले मृत्यूचे दाखले त्यांच्या खात्यात येत. माणूस कशानं गेला ते वाचायचं आणि त्या कारणाचा ठरलेला क्रमांक दाखल्यावर घालायचा, एवढंच त्यांचं काम. एका डॉक्टरनं एकदा कारणाच्या जागी ‘श्वास थांबल्यामुळे’ असं लिहिलं होतं. भाऊजींनी दाखला परत पाठवून नीट कारण कळवा म्हटलं, तर ‘हृदयही थांबले होते’ असं उत्तर आलं. अशा माणसांत भाऊजींचा जन्म गेला. लग्न करायचं राहूनच गेलं आणि ते थोरल्या भावाकडेच राहिले. घरी कुणी “कसं चाललंय ऑफिसात?” असं विचारलं आणि ते “यंदा मंदी आहे” म्हणाले, की घरातले सगळे खूश व्हायचे.

यंदा मात्र तेजी होती. फ्लूची साथ आली आणि टेबलावरचे गठ्ठे भाऊजींच्या डोक्यावर गेले. त्यातच दादा गेले.

दादांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस धट्टाकट्टा. फ्लू हा रिकामटेकड्यांचा आजार आहे असं त्यांचं ठाम मत. स्वतःचं अंग तापानं फणफणलं तेव्हाही “काल दुकानातला पंखा जोरात होता” एवढंच म्हणत राहिले. दोन दिवसांत त्या पंख्याचा न्यूमोनिया झाला. तिसऱ्या दिवशी श्वास पुरेना, तरी शेजाऱ्यांच्या मुलाला खुणेनं सांगत होते, सायकलच्या चाकात हवा कमी आहे म्हणून.

आणि आता वहिनींना हृदय हवं होतं. एका परीनं त्यांचं म्हणणं घराण्याला धरूनच होतं, कारण त्या घराण्यात हृदयाचं प्रस्थ फार. आजोबा दाढी करता करता गेले, अर्धीच झाली होती. वडील पेपर वाचता वाचता गेले. काका तर भाऊबंदांशी भांडताना ऐन मुद्द्यावर आले आणि गेले. तो मुद्दा काय होता, हे अजून कुणाला कळलेलं नाही. आमच्याकडे कुणी खितपत पडत नाही, असं दादाही चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगत. वहिनींना तोच तोरा राखायचाय, अशी भाऊजींची समजूत झाली.

तेवढ्यात दारात समोरच्या बाई उभ्या राहिल्या. मास्क हनुवटीवर, म्हणजे बोलायची पूर्ण तयारी.

“फार वाईट झालं हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बहिणीकडे राहून आला होतात ना मध्ये? तिला ताप होता म्हणून? बरी आहे का ती आता?”

“बरी आहे,” वहिनी म्हणाल्या.

“चला, ती तरी वाचली.” एवढं बोलून बाई मास्क वर ओढून निघून गेल्या. काम झालं होतं.

वहिनींनी दार लावलं आणि घासून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. आता भाऊजींच्या डोक्यात प्रकाश पडला. बहिणीकडून आल्यावर वहिनींचं नाक दोन दिवस गळलं होतं. त्यानंतर दादा आजारी पडले होते.

“म्हणून हृदय हवंय का तुम्हाला?” त्यांनी हळूच विचारलं.

“हृदय असलं तर ते तुमच्या घराण्यातलं,” वहिनी पातेल्याकडे बघत म्हणाल्या. “फ्लू असला तर माझ्या माहेरचा. मी आणलेला.”

भाऊजींना काहीतरी बोलायचं होतं. पण त्यांचं सगळं आयुष्य आलेल्या कागदांवर क्रमांक घालण्यात गेलेलं, तोंडी कामाची सवय नाही. जेवण उरकून, स्वतःचं ताट धुऊन ठेवून ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी थेट ऑफिसात आल्या. दारावरच्या शिपायानं हातावर औषध फवारून विचारलं, “काय काम आहे?”

“नवऱ्याचं कारण बदलायचंय.”

शिपायानं आजवर नाव बदलणारे पाहिले होते, पत्ता बदलणारे पाहिले होते. त्यानं मुकाट्यानं भाऊजींकडे बोट दाखवलं.

अर्धी टेबलं रिकामी होती, कारण मोजणारेही आजारी पडत होते. बोलणं ऐकून साहेब केबिनबाहेर आले. “बाई, असं कारण बदलता येत नाही,” ते म्हणाले. “हा देशाचा आकडा आहे.”

“देशाचा असेल. माणूस आमचा आहे,” वहिनी कडाडल्या. साहेबांना एकदम एक महत्त्वाचा फोन आठवला आणि ते आत गेले.

भाऊजी उठले. भिंतीवर एक मोठा तक्ता होता, त्यात दोन रेघा. वहिनींना त्यांनी त्याच्यापुढे उभं केलं.

“ही काळी रेघ बघा. दर आठवड्याला देशात साधारण इतकी माणसं जाणार, असा अंदाज असतो. म्हातारपण, अपघात, हृदय, सगळं धरून. आणि ही लाल रेघ म्हणजे यंदा खरोखर गेलेली माणसं. कारण कुणी काहीही लिहो, गेलेला प्रत्येक माणूस हिच्यात येतोच.”

लाल रेघ बराच वेळ काळीच्या शेजारून चालत होती. मग एकदम उभी चढली होती.

“मी हृदय लिहिलं, तरी दादा या चढावरच राहणार. त्याची जायची वेळ नव्हती, वहिनी. साथ नसती तर आत्ता दुकानात कुणाशी तरी हुज्जत घालत बसला असता.”

“तेच म्हणतेय मी,” वहिनी म्हणाल्या. “मी आणली ती साथ.”

“या काळ्या रेघेच्या वर आहेत ना, ती हजारो माणसं आहेत. त्या सगळ्यांच्या घरी तुम्ही जाऊन आलात?”

“मी कशाला जाऊ? मला गुडघ्यांमुळे आपलाच जिना चढवत नाही!” वहिनी तडकून म्हणाल्या. मग तक्त्याकडे बघत म्हणाल्या, “पण ह्यांना माझ्याकडूनच आला असेल.”

खोटं बोलावं असं भाऊजींना फार वाटलं. पण वहिनींना ते कळलं असतं.

“असेल,” ते म्हणाले. “दुकानात येणाऱ्या एखाद्याकडूनही आला असेल. ते कुणालाच सांगता यायचं नाही. तुमची बहीण घरात एकटी पडली होती, तिला पाणी द्यायला कुणी नव्हतं. तुम्ही गेलात. दादानंच पाठवलं होतं तुम्हाला, मी ऐकलंय. म्हणाला होता, जा, मी भात करून खातो.”

“भात करपवला होता,” वहिनी म्हणाल्या आणि रडायला लागल्या. दादा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या. केबिनचं दार जरासं उघडलं आणि पुन्हा बंद झालं.

रडणं ओसरल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि तक्त्याच्या अगदी जवळ गेल्या. “ह्यांच्यामुळे वर गेलीय ही रेघ?”

“थोडी.”

“किती?”

“डोळ्यांना दिसणार नाही एवढी.”

“पण गेलीय ना?”

“गेलीय.”

वहिनींनी चवड्यांवर उभं राहून लाल रेघेच्या टोकाला बोट लावलं. “जन्मभर खाली बसून पंक्चरं काढली,” त्या म्हणाल्या. “आणि आता बघा कुठं जाऊन बसलेत.” मग म्हणाल्या, “लिहा. जे असेल ते लिहा.”

भाऊजींनी गठ्ठ्यातून दादांचा दाखला काढला. फ्लूचा क्रमांक त्यांनी त्या महिन्यात इतक्यांदा घातला होता, की हात आपोआप चालायचा. आज तो चालेना. पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं, आणि एकेक आकडा शाळेतल्या मुलासारखा गिरवून काढला.

“झालं का?” वहिनींनी मागं न वळता विचारलं.

“झालं.”

त्यांचे गुडघे थरथरत होते, पण टाचा अजून उचललेल्याच होत्या.