तेविसावा विजय आणि होइटबाबांचं इंजिन

मित्रांनो, मी शर्यतीची एक जुनी गाडी आहे, नंबर चव्वेचाळीस. नॉर्थ कॅरोलायनात होइट सिग्मन यांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. सांगाडा भंगारातला, पण इंजिन मात्र होइटबाबांनी अख्खा हिवाळा खपून स्वतः जुळवलेलं. ते पहिल्यांदा गुरगुरलं तेव्हा कोंबड्यांनी तीन दिवस अंडी दिली नाहीत.

मला चालवायची त्यांची लेक व्हर्ना. पहिल्या मोसमात आम्ही अकरा शर्यती जिंकलो, दुसऱ्यात सतरा. तिसऱ्यात बावीस, म्हणजे एका मोसमातल्या विजयांच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी. मी तर हवेतच होते. तेविसावीही जिंकलो. लाल माती अजून अंगावरून गळत होती, तोच दुसरे आलेले ओडेलकाका सँडविच चावत आले.

"व्हर्ना, पोरी, इंजिन काढून ठेव. मी मागतोय."

मी गारच पडले. कुणी फार महागडं इंजिन लावू नये म्हणून आमच्या ट्रॅकचा नियमच होता. दुसऱ्या आलेल्याने ठरलेल्या स्वस्त किमतीला पहिल्याचं इंजिन मागितलं, तर द्यायचं. नाही म्हटलं तर विजय रद्द. पण इतक्या वर्षांत कुणी कुणाचं मागितलं नव्हतं. तशी रीतच नव्हती.

"काका, चर्चमध्ये आपण एका बाकावर बसतो."

"तिथे इंजिन मागता येत नाही ना. म्हणून इथे मागतोय."

व्हर्नाने वडिलांकडे पाहिलं. त्या वर्षापासून होइटबाबांचे हात थरथरायला लागले होते. ते त्यांनी खिशात घातले.

"देऊन टाक गं. दुसरं बांधू. विक्रम काय रोज होतो?"

ती नाहीच म्हणणार, अशी माझी खात्री होती. खरं सांगते, शंभर टक्के खात्री. तिने माझं बॉनेट उघडलं आणि पाना हातात घेतला.

दुसरं इंजिन कधी झालंच नाही. बाबांच्या बोटांत साधा नटही ठरेना. विकतचं व्हर्नाने बसवू दिलं नाही. मी पुन्हा धावले नाही.

आता मी संग्रहालयात असते. समोर विक्रमाची पाटी आहे, मला रोज पुसतात. व्हर्ना कधीतरी येते, पण पाटी वाचत नाही. बॉनेट उघडायला लावते आणि आतल्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहते.

मित्रांनो, मला पॉलिश कमी केलं तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणाचे हात थरथरू लागले असतील, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि ते हात काय काय करू शकतात ते शिकून घ्या. आमच्यापैकी कुणालाच हे वेळेवर सुचलं नाही.