तेरा इंची चाकं

कडूबा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. एकतीस हंगाम त्यांनी उसाच्या गाड्या काट्यावर घेतल्या. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी अंबडच्या एका मास्तरांकडून जुनी, पांढरी, चार दारांची छोटी मोटार विकत घेतली. स्वतःसाठी नव्हे, त्यांचं मोटारसायकलवर झकास भागत होतं. पण उषाबाईंचे गुडघे गेले होते, थायरॉईडनं अंग सुटलं होतं आणि नवऱ्याच्या मागं एका अंगाला बसून जायचे दिवस संपले होते. ज्या उषाबाईंनी पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवली, पोलिओच्या डोसासाठी वस्त्या न् वस्त्या पालथ्या घातल्या, त्या आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत राहायच्या. कडूबांना ते बघवेना. म्हणून मोटार.

पहिले दोन महिने मजेत गेले. उषाबाई बाजाराला गेल्या, दवाखान्यात गेल्या, जुन्या सेविकांना भेटून आल्या. गाडीत बसल्या की पदर सारखा करून अशा पुढं बघायच्या, जणू गाडी त्याच हाकतायत.

घोळ झाला गतिरोधकांमुळं. गावाकडं गतिरोधक ज्याला जसा वाटेल तसा घालतो. वडीगोद्रीच्या रस्त्याला एक तर असा होता, की म्हैस पुरून वरून डांबर ओतावं. त्याच्यावर गाडी चढली की खालून ‘खर्रर्र’ आवाज यायचा आणि तो आवाज कडूबांच्या काळजातून जायचा.

“अगं, जरा उतरतीस का? खाली घासून राह्यलंय.”

उषाबाई दाराला धरून उतरायच्या, चार पावलं चालायच्या आणि पलीकडं जाऊन पुन्हा बसायच्या. “झाली माझी परेड,” असं हसून म्हणायच्या. नंतर नंतर हसणं थांबलं. मग बोलणंही थांबलं. गतिरोधक दिसला की त्या आपणच दाराला हात घालायला लागल्या आणि कडूबांना वाटलं, चला, अंगवळणी पडलं.

तीर्थपुरीला उषाबाईंच्या धाकट्या बहिणीच्या, तुळजाबाईंच्या घरी साखरपुडा होता. तुळजाबाईंची लेक अक्षता, उषाबाईंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. उषाबाई ठेवणीतली जांभळी पैठणी नेसून निघाल्या. मांडवाच्या तोंडाशीच नळाच्या पाइपासाठी चर खणून बुजवला होता, त्याचा वीतभर उंचवटा झाला होता. समोर खुर्च्यांवर सगळं गणगोत बसलेलं. कडूबांनी सवयीनं ब्रेक दाबला आणि सवयीनंच म्हणाले, “उतर गं जरा.”

उषाबाई उतरल्या. पैठणीचा काठ एका हातात, दुसरा हात दारावर. खुर्चीवरचं एक पोरगं म्हणालं, “मावशी उतरली अन् गाडी हातभर वर आली!” सगळे हसले. कुणी वाईट बुद्धीनं हसलं नव्हतं, लग्नघरी माणसं कशालाही हसतात. पण कडूबाही हसले.

परतताना उषाबाई गाडीजवळ आल्याच नाहीत. तुळजाबाईंच्या दिराबरोबर स्टँडवर गेल्या आणि एसटीनं घरी आल्या. कडूबांनी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, “मला एसटी बरी. एसटीला माझं वझं होत न्हाई.”

महिना गेला, दीड महिना गेला. गाडी अंगणात उभी. कडूबा रोज सकाळी ती पुसायचे आणि उषाबाई ओट्यावरून दुसरीकडं बघायच्या. आयुष्यभर त्यांनी काही बिघडलं की दुरुस्त केलं होतं, बोलून काही सांधलं नव्हतं. एके दिवशी पेट्रोल पंपावर त्यांना आपल्याच गाडीसारखी एक गाडी दिसली, पण चांगली उंच. मालक म्हणाला, “चाकं बदलली, काका. नव्या जालन्यात राधेश्यामकडं.”

कडूबा दुसऱ्या दिवशी एकटेच जालन्याला गेले.

राधेश्यामचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. दाराशी टायरांची चळत, आत हवेच्या मशिनची फसफस. राधेश्याम पन्नाशीचा, बोलायला मोकळा.

“सगळ्यात मोठी चाकं बसवा,” कडूबा म्हणाले.

“शोसाठी का उंचीसाठी?”

“उंचीसाठी. खाली घासून राह्यलीय.”

राधेश्यामनं भिंतीवरून एक चकचकीत रिंग काढली. “ही बघा, चौदाची अलॉय. दिसायला एक नंबर. पण तुमच्या गाडीत हिच्यावर टायर पातळ लावावा लागतो, न्हाई तर वळताना आत मडगार्डला लागणार. म्हणजे रिंग मोठी झाली अन् टायर बारीक झाला, उंची होती तिथंच. वरून आपले रस्ते. एका खड्ड्यात रिंगच जाईल.”

“मंग?”

“तुम्हाला आत्ता बाराची रिंग आहे. तेराची घ्या, साधी लोखंडी, वर असाच जाड टायर. ह्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीच तेराची देते. बराबर बसते.”

“गाडी इंचभर उचलंल न?”

“चाक इंचानं वाढंल, काका. गाडी अर्ध्या इंचानं.” कडूबांचा चेहरा पाहून त्यानं टायर उभा धरला आणि मधल्या भोकावर बोट ठेवलं. “गाडी इथं, मधात टेकलेली असते. वाढलेल्यातलं अर्धं ह्याच्या वर जातं, अर्धं खाली. कामाला येतं ते खालचं.”

“अर्ध्या इंचानं काय व्हतंय?” कडूबा म्हणाले. “आमची मंडळी बसली का गाडी टेकतीय...” आणि तिथंच थांबले. परक्या माणसापुढं असं बोलल्याचं त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

राधेश्यामला मात्र त्यात धंद्याचाच प्रश्न दिसला. “एकट्या काकू बसल्या तर टेकते? असं कसं होईल?” तो गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला, वाकून खाली बघितलं, मग पलीकडं चाकांच्या अलाइनमेंटला आलेल्या तसल्याच एका गाडीकडं बघितलं. खिशातून टेप काढून त्यानं जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत तिची उंची मापली. चोवीस इंच. मग कडूबांच्या गाडीची मापली. डावीकडं साडेबावीस, उजवीकडं त्याहून थोडी कमीच.

“दोन्ही गाड्या रिकाम्या हायेत न?”

“रिकाम्याच.”

“मागच्या स्प्रिंगा बसल्यात तुमच्या. पार दबल्यात. आधीच्या मालकानं काय वाहिलं होतं हिच्यात?”

कडूबांना आठवलं. गाडी घेतली तेव्हा डिक्कीच्या कानाकोपऱ्यात खताचे पांढरे दाणे होते. त्यांनीच केरसुणीनं झाडून काढले होते. मास्तरांच्या भावाचं खताचं दुकान होतं.

“काकू बसायच्या आधीच ही बसलेली आहे, काका,” राधेश्याम म्हणाला.

कडूबा स्टुलावर टेकले. काट्यावर नव्यानं आलेल्या प्रत्येक माणसाला ते एकच गोष्ट पहिल्या दिवशी शिकवायचे : भरल्या गाडीचा आकडा उसाचा नसतो, रिकाम्या गाडीचं वजन त्यातून वजा केल्याशिवाय पावती फाडायची नाही. आणि घरच्या माणसाच्या वेळी त्यांनी रिकामी गाडी एकदाही बघितली नव्हती. सगळा भार सरळ उषाबाईंच्या नावावर लिहून टाकला होता.

“बसवू का मग? स्प्रिंगा शेजारचा मेकॅनिक टाकंल.”

“आज न्हाई,” कडूबा उठत म्हणाले. “आधी तिला आणतो.”

घरी आल्यावर सांगायला गेले ते नेमकं उलट्या टोकाकडून. उषाबाई मेथी निवडत होत्या. “गाडीला मोठी चाकं टाकावी म्हणतो,” कडूबा म्हणाले.

मेथीची काडी हातातच राहिली. “कुणासाठी? माझ्यासाठी?” उषाबाई म्हणाल्या. “एकतीस वर्षं काटा केला, अजून वजन करायची खोड गेली न्हाई तुमची. आता गावभर व्हईल, उषाबाईचं वझं झेपंना म्हून नवऱ्यानं चाकं बदलली.”

“अगं, तसं न्हाई. मास्तरांकडं खताच्या गोण्या वाहून स्प्रिंगा दबल्यात. रिकामीच गाडी दीड इंच खाली आहे. मी डोळ्यानं बघून आलो.”

“मला बरं वाटावं म्हून सांगू नका.”

“मंग तू बघ. उद्या चल.”

उषाबाई पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मेथी संपली, ताट बाजूला झालं. “येते,” त्या म्हणाल्या. “पण गाडीत बसणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी उषाबाई एसटीनं जालन्याला निघाल्या आणि कडूबा रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागं. रस्ता मोकळा होता, पुढं जाता आलं असतं, पण ते गेले नाहीत. एसटी थांबली की तेही थांबायचे, अंबडच्या स्टँडबाहेर तर दहा मिनिटं थांबले. मागच्या काचेतून उषाबाईंचा अंबाडा दिसत होता. जालना येईस्तोवर एकदा तरी त्या वळून बघतील असं कडूबांना वाटत होतं. त्यांनी वळून बघितलं नाही.

स्टँडवरून रिक्षानं त्या दुकानावर आल्या. आदल्या दिवशीची गाडी गेली होती, पण राधेश्यामनं शेजारच्या डॉक्टरांची तसलीच गाडी मापापुरती आणून उभी केली होती. तो टेप घेऊन वाकणार, तेवढ्यात उषाबाई म्हणाल्या, “आणा इकडं.” गुडघ्यावर हात रोवून त्या कशाबशा वाकल्या. टेपचं एक टोक राधेश्यामनं जमिनीशी धरलं, आकडा उषाबाईंनी वाचला. मग आपल्या गाडीचा वाचला. मग पुन्हा एकदा दोन्हींचा. अंगणवाडीत पोरांची उंची मापून लिहायच्या तेव्हाही दोनदा मापायच्या.

“मी न बसताच?” त्यांनी विचारलं.

“न बसताच, काकू.”

उषाबाई ताठ उभ्या राहिल्या. गाडीकडं बघत म्हणाल्या, “म्हंजे खताच्या गोण्यांपायी मला उतरवलं व्हय.”

कडूबा पुढं झाले. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, रस्त्यावरून माणसं जात होती. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “चार लोकांत उतर म्हणायला नको होतं. अन् मी हसलो, ते तर बिलकुल नको होतं.”

“ऐकलं होतं मी,” उषाबाई म्हणाल्या. “पोरं हसली त्याचं काही न्हाई. त्यात तुमचं हसणं मला वेगळं ऐकू आलं.”

कडूबांनी मान खाली घातली. राधेश्यामला एकाएकी कोपऱ्यातल्या टायरची हवा तपासायची आठवण झाली. तो तिकडं गेला आणि जरा वेळानंच परत आला.

“स्प्रिंगा तर टाकायच्याच,” तो म्हणाला. “चाकांचं काय करायचं?”

“तेराची,” कडूबा म्हणाले. “अन् टायर त्यातल्या त्यात रुंद, मोठ्यातला मोठा. तेवढीच उंची.”

“थांबा,” उषाबाई म्हणाल्या. त्यांनी राधेश्यामला विचारलं, “रुंद टायरनं स्टिअरिंग जड होतं का?”

“होतं, काकू. जागेवर वळवताना जास्त जाणवतं.”

“मंग रुंद नको. ह्यांचा उजवा खांदा आखडलाय. रात्री कूस बदलताना कण्हतात, अन् ह्यांना वाटतं मी झोपेत हाये.”

“अगं, पण उंची...”

“उंचीला स्प्रिंगा हायेत न?” राधेश्यामनं पुढं ठेवलेले रुंद आणि बारीक असे दोन्ही टायर त्यांनी हातानं चाचपले. “हा बारीकच द्या. आत्ता आहे त्याच रुंदीचा.”

राधेश्यामनं मान डोलावली. “एक ध्यानात ठेवा. चाक मोठं झालं की मीटर कमी दाखवतं. साठ दाखवंल तेव्हा गाडी बासष्ट-त्रेसष्टनं पळत असंल.”

“हे चाळिसाच्या वर कधी गेलेत?” उषाबाई म्हणाल्या आणि दुकानातली दोन्ही गिऱ्हाइकं हसली. ह्या वेळी कडूबा हसले तेव्हा उषाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनाही थोडं हसू आलं.

“चारच चाकं मांडलीत तुम्ही,” त्या राधेश्यामला म्हणाल्या. “अन् स्टेपनी?”

स्टेपनी कडूबा साफ विसरले होते.

काम दुपारी तीनपर्यंत चाललं. दोघांनी समोरच्या हॉटेलात पुरी-भाजी खाल्ली. मेकॅनिकनं काढलेल्या जुन्या स्प्रिंगा नव्यांशेजारी ठेवल्या, तर त्या चांगल्या दोन बोटं बुटक्या निघाल्या. राधेश्यामनं स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत वळवून चाक कुठं लागत नाही ना ते बघितलं आणि उषाबाईंसाठी दार उघडलं. त्या बसल्या. सवयीनं राधेश्यामचा हात खिशातल्या टेपकडं गेला. मग टेप न काढताच त्यानं हात बाहेर घेतला आणि दार लावून घेतलं.

वडीगोद्रीच्या रस्त्यावरच्या त्या गतिरोधकाशी कडूबांनी वेग इतका कमी केला की मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. उषाबाईंचा हात दाराकडं गेला आणि परत मांडीवर आला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. आवाज आला नाही. थोडं पुढं गेल्यावर उषाबाईंनी काच खाली केली, वारं येऊ दिलं.

त्यानंतर गाडी अंगणात कमी दिसायला लागली. मोठ्या चाकांमुळं स्टिअरिंग थोडं जड झालं होतं, पेट्रोल जरा जास्त प्यायची, पण कडूबांची तक्रार नव्हती. उषाबाई महिन्यातून दोनदा तीर्थपुरीला जायला लागल्या आणि लग्नाची सगळी खरेदी त्यांच्याच गळ्यात पडली.

लग्नाला पंधरा दिवस उरले तेव्हा तुळजाबाई, अक्षता आणि उषाबाई अशा तिघी जालन्याहून बस्ता घेऊन निघाल्या. डिक्कीत साड्यांचे गठ्ठे, पितळेची भांडी, अक्षताच्या मांडीवरही पिशव्या. तीर्थपुरीच्या अलीकडं रस्ता खणून ठेवला होता. गाडी उंचवट्यावर चढली आणि खालून आवाज आला. खर्रर्र.

कडूबांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मागं तुळजाबाई बोलता बोलता गप्प झाल्या.

“थांबलात कशाला?” उषाबाई म्हणाल्या.

“घासलं.”

“मंग घासू द्या की. चौघं माणसं हाव, एवढं सामान आहे, घासणारच. चला पुढं.”

कडूबांनी ब्रेक सोडला. गाडी एकदा घासत, एकदा हिसका देत पलीकडं उतरली. तुळजाबाई हळदीच्या दिवशी किती पानं होतील ते पुन्हा मोजायला लागल्या आणि उषाबाई त्यांना म्हणाल्या, दीडशे धर, आपले लोक सांगून येत नाहीत.